कानशिलाच्या हाडाचा सीटी कसा वाचायचा

मिरजेत रेडिओलॉजीची प्रॅक्टिस करते, त्याला आता बावीस वर्षं झाली. जतपासून अथणी-चिकोडीपर्यंतचे पेशंट इथं येतात. कानाचा पेशंट असेल तर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, कान फुटलाय." कुणाचा गेल्या पावसाळ्यात फुटलेला असतो, कुणाचा चौथीत असल्यापासून. हातात पिशवी, पिशवीत जुने एक्स-रे, कापसाचे बोळे, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि ईएनटीची चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, एचआरसीटी (अगदी पातळ कटांचा सीटी) टेम्पोरल बोन.

टेम्पोरल बोन म्हणजे कानशिलाचं हाड. रेडिओलॉजीला नवीन आलेली मुलंमुली मेंदू, छाती, पोट धडाधड वाचतात आणि हा स्कॅन समोर आला की माउस सोडून सिनिअरला हाक मारतात. भीती वाटणं बरोबरच आहे. मधल्या कानातली रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, उंची जेमतेम ३ मिमी. पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत पडदा, तीन हाडं (हातोडा, ऐरण, रिकीब), ऐकण्याचा शंख, तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्या आणि चेहऱ्याची नस. वर मेंदू, मागे मोठी शीर (सिग्मॉइड सायनस), पुढे कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडे जाणारी धमनी. पण रोज एकाच वाटेनं चाललं की ही जागा ओळखीची होते. ती वाट कशी धरायची ते सांगते. रेसिडेंटसाठी लिहितेय, पण ईएनटीच्या पीजींनी आणि सीटीवरच्या टेक्निशियनांनीही वाचावं.

चिठ्ठीवर जे लिहिलेलं नसतं

प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. चाळिशीची बाई, चिठ्ठीवर 'सीएसओएम उजवा कान', म्हणजे जुनाट वाहणारा कान, एवढंच. मी आडवे कट पाहिले, म्हणजे ॲक्सियल. वरच्या भागात सॉफ्ट टिश्यू (हवेच्या जागी मऊ काहीतरी), ऐरण झिजलेली, मॅस्टॉइड (कानामागचं हवेच्या खोल्यांचं हाड) भरलेला. रिपोर्ट दिला. लॅटरल सेमिसर्क्युलर कॅनॉल, म्हणजे तोलाच्या तीन नळ्यांपैकी बाहेरची, तिच्यापुढे 'नॉर्मल' लिहिलेलं होतं. खरं सांगायचं तर तो शब्द मी लिहिला नव्हता, टेम्प्लेटमध्ये आधीपासून होता आणि मी तो खोडला नाही.

चार दिवसांनी सर्जनचा थिएटरमधून फोन आला, "दोन मिनिटं खाली या." मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या आयपीसला मला डोळा लावायला सांगितला. कॅनॉलच्या फुगवट्यावर मोत्यासारखी पांढरी पातळ कातडी पसरली होती. सरांनी ती बारीक सुईनं कडेला एक केसभर उचलली. खाली हाड नव्हतं. निळसर रेघ दिसली आणि त्यांनी कातडी लगेच जागेवर ठेवली. तिथं सक्शनचं टोक लागलं असतं तर त्या बाईचं त्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं असतं. त्यांनी मला रागावलं नाही. एवढंच विचारलं, "कान दाबला की गरगरतं का, हे पेशंटला विचारलं होतंत?" त्यांनी विचारलं होतं, म्हणून ते जपून गेले आणि त्या बाईचा कान वाचला. मी वर येऊन कोरोनल, म्हणजे उभे कट उघडले. लागोपाठ चार कटांवर हाडाला पडलेलं भोक स्वच्छ दिसत होतं.

तेव्हापासून कानाचा स्कॅन मी पेशंटशी बोलल्याशिवाय वाचत नाही. गर्दी असेल तर टेक्निशियनकडून विचारून घेते, पण विचारते. कोणता कान? पू किती वर्षं, त्याला घाण वास येतो का, रक्त पडतं का? कानाच्या तोंडाशी दाबलं किंवा मोठा आवाज झाला की चक्कर येते का? तोंड वाकडं झालंय का, डोळा पूर्ण मिटतो का? ताप, डोकेदुखी, उलटी? शुगर आहे का? आधी ऑपरेशन झालंय का आणि नेमकं काय? ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) असेल तर तो स्कॅनच्या आधी बघायचा. बहिरेपण मधल्या कानामुळे आहे की आतल्या, हे त्यावर कळतं आणि आपली नजर कुठं जास्त वेळ थांबायला हवी हेही ठरतं.

टेबलावर

चांगला रिपोर्ट सीटीच्या टेबलावर सुरू होतो. आमच्या भागातल्या बायकांच्या कानात कुडी, वेल आणि वरच्या पाळीत बुगडी असते. बुगडीची फिरकी वर्षानुवर्षं काढलेली नसते, ती घट्ट बसते. घाई करू नका. तेलाचा एक थेंब सोडा, मावशींना आरशासमोर बसवा, त्यांच्याच हातानं काढू द्या. केसांतले आकडे, नाकातली चमकी, कानाचं मशीन हेही उतरवायचं. सोन्याच्या एका फिरकीपासून निघणाऱ्या पांढऱ्या रेघा नेमक्या रिकिबीवरून जातात.

कानात मळ असेल, कापूस असेल, नुकतेच थेंब घातले असतील तर फिल्मवर तेही सॉफ्ट टिश्यूच दिसतं. ईएनटीकडून कान साफ करून मग पाठवा, असं मी सरळ कळवते. यात पेशंटचा अर्धा दिवस जातो, पण चुकीच्या रिपोर्टपेक्षा तो बरा.

डोकं सरळ, हनुवटी थोडी छातीकडे, म्हणजे डोळ्यांची भिंगं शक्यतो किरणांच्या बाहेर राहतात. पिट्रस हाडाच्या (कानशिलाच्या हाडाचा आतला टणक भाग) वरच्या कडेपासून मॅस्टॉइडच्या टोकापर्यंत एवढाच पट्टा घ्यायचा. कट ०.६ मिमी किंवा त्याहून पातळ. बोन अल्गोरिदम, म्हणजे हाडाच्या कडा ठळक करणारी पद्धत. प्रतिमेच्या करड्या छटांची विंडो ४०००च्या आसपास, लेव्हल ६०० ते ७००. आणि टेक्निशियन दादांना माझं कायमचं सांगणं असतं: दोन्ही कानांचं रिकन्स्ट्रक्शन (स्कॅनमधून प्रतिमा तयार करणं) वेगवेगळं करा, ९ ते १० सेंमीच्या छोट्या फील्डमध्ये. पूर्ण डोक्याच्या फील्डवर कान दाखवला तर रिकिबीचा ठिपका होतो आणि बाकी सगळा अंदाज.

कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, स्कॅनवर उठून दिसणारं औषध) बहुतेक वेळा लागत नाही. ताप आहे, मानेवर सूज आहे, डोकं प्रचंड दुखतंय, गाठीची शंका आहे, तिथं मात्र द्यायचा. गळू आणि सिग्मॉइड सायनसमधली गुठळी साध्या स्कॅनमध्ये हातची सुटू शकते.

लहान मूल असेल तर स्कॅन काही सेकंदांत होतो, ते मूल स्थिर ठेवण्यात सकाळ जाते. तान्ह्या बाळाला अंगावर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, दिवे मंद करून झोपवलं तर पुष्कळदा औषध लागतच नाही. झोपेचं सिरप द्यायचं ठरलं तर ते बालरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ ठरवतील, उपाशी किती तास ठेवायचं तेही तेच सांगतील आणि ऑक्सिजन मोजणारं क्लिप बोटाला लागलेलं असेल. हे दोन मार्ग एकत्र करू नका. पाजलेल्या बाळाला वरून सिरप, असं कधीही नाही.

आधी चांगला कान

स्क्रीनवर स्कॅन आला की आधी तो सरळ करून घ्या. डोकं किंचित कलतं असतंच. दोन्ही बाजूंचे लॅटरल कॅनॉल एकाच कटवर दिसेपर्यंत प्लेन फिरवायचा. या एका मिनिटाच्या कामामुळे पुढची डावी-उजवी तुलना खरी ठरते.

मग न दुखणारा कान आधी वाचायचा. पेशंटची स्वतःची ठेवण कशी आहे ते त्यावरून कळतं. मॅस्टॉइडच्या हवेच्या खोल्या भरपूर आहेत की जन्मापासून कमी, जुग्युलर बल्ब (मानेतल्या मोठ्या शिरेचा वरचा फुगवटा) किती वर आलाय, मेंदूखालचं छत किती पातळ आहे. छत दोन्हीकडे सारखंच पातळ असेल तर दुखऱ्या बाजूला 'छत खाल्लं' असं लिहिताना हात थांबतो, आणि थांबायलाच हवा.

ॲक्सियल कटांवर वरून खाली येताना पहिली ओळखीची खूण म्हणजे आइस्क्रीमचा कोन. हातोड्याचं डोकं म्हणजे गोळा, ऐरण म्हणजे कोन. गोळा कोनावर बसलेला आहे ना, मध्ये फट नाही ना, दोन्ही बाजूंना सारखा आहे ना, हे पाहायचं. कोरोनलवर पुढून मागे जाताना शंखाच्या वर दोन ठिपके शेजारी दिसतात, सापाच्या डोळ्यांसारखे. ते चेहऱ्याच्या नसेचे दोन भाग. ते सापडले की नसेचा धागा हातात आला, आता तो सोडायचा नाही. गुडघ्यासारखं वळण, मग लॅटरल कॅनॉलच्या खालून मागे, मग मॅस्टॉइडमधून सरळ खाली. एकेका कटानं पुढं सरकायचं.

जुन्या पेशंटच्या पिशवीत अजूनही शूलर व्ह्यूचे (मॅस्टॉइडचे बाजूनं काढलेले) एक्स-रे निघतात. १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये सीटीवर पहिला पेशंट स्कॅन झाला, त्याआधी आणि आपल्याकडे त्यानंतरही किती तरी वर्षं सर्जन त्या एक्स-रेवर कान उघडत होते. खोल्या किती आणि सायनस कुठं एवढंच त्यावर कळायचं. त्या सर्जनांबद्दल मला फार आदर आहे. म्हणूनच वाटतं, आज आपल्याला जे दिसतं ते पूर्ण लिहून देणं हे आपलं काम आहे.

कोलेस्टिॲटोमा

आपल्या भागात या स्कॅनचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच, म्हणून इथं सावकाश बसा.

कोलेस्टिॲटोमा ही कॅन्सरची गाठ नाही. चुकीच्या जागी गेलेली कातडी आहे. पडद्याचा वरचा ढिला भाग आत ओढला जातो, त्याची पिशवी होते, कातडीचा कोंडा त्या पिशवीत साठत जातो आणि पिशवी आजूबाजूचं हाड खात पसरते. पेशंटला समजावताना मी म्हणते, "कानाच्या माळ्यावर कोंड्याचं पोतं साठलंय, ते दरवर्षी फुगतंय आणि भिंती खातंय." ॲटिक म्हणजे मधल्या कानाचा माळाच की.

सीटीवर पू, ग्रॅन्युलेशन (जखमेतलं वाढलेलं लाल मांस), सूज आणि कोलेस्टिॲटोमा सगळं एकाच करड्या रंगात दिसतं. रंगावरून नाव देता येत नाही. नाव ठरतं ते हाडावरून. म्हणून करड्या भागाकडे बघणं कमी करा, त्याच्या कडेची हाडं बघा.

सुरुवात स्क्यूटमपासून. कोरोनल कटावर बाहेरच्या कानाच्या नळीचं छत आत येऊन संपतं, तिथं हाडाचं अणकुचीदार टोक असतं, नुकत्याच टोक काढलेल्या शिसपेन्सिलीसारखं. ते बोथट झालेलं दिसलं आणि त्याच्या आत, हातोड्याच्या मानेच्या बाहेरच्या बाजूला, प्रुसॅकच्या जागेत करडा गोळा दिसला, तर शंका पक्की होते. हा प्रकार हाडांना बाहेरून ढकलतो, म्हणून हातोडा-ऐरण आतल्या बाजूला सरकतात. पडद्याच्या घट्ट भागातून आलेला कोलेस्टिॲटोमा सहसा हाडांच्या आतून येतो आणि त्यांना बाहेर ढकलतो. हाडं कुठं सरकलीत ते लिहा, सर्जनला पिशवीचं तोंड कुठं आहे ते त्यावरून उमगतं.

मग ऐरणीची लांब दांडी. तिचा रक्तपुरवठा मुळात तुटपुंजा, त्यामुळे आधी तीच झिजते. मग रिकीब. रिकिबीची कमान आहे की नुसता तळ उरलाय, यावर ऐकणं परत कसं जोडायचं ते अवलंबून. दिसत नसेल तर 'दिसत नाही' लिहा. करड्या भागात बुडालेली रिकीब न दिसणं वेगळं आणि रिकीब नसणं वेगळं.

मग लॅटरल कॅनॉल. माझी चूक जिथं झाली ती जागा. ॲक्सियल आणि कोरोनल, दोन्हीवर, प्रत्येक कट. कॅनॉलच्या बाहेरच्या भिंतीची पांढरी कड सलग आहे का? करडा भाग तिला टेकलाय का? आतल्या कानात भोक पडतं ते बहुतेक वेळा इथंच. कड अस्पष्ट वाटली तरी पेशंटला चक्कर येत असेल तर मी 'फिस्च्युला (कॅनॉलला भोक) असण्याची शक्यता, जपून' असं स्पष्ट लिहिते आणि सर्जनला फोनही करते.

मग छत, म्हणजे टेग्मेन. ते नेहमी कोरोनलवर बघायचं. भोक दिसलं तर किती मिमी ते मोजा. भोकातून करडा गोळा खाली लोंबताना दिसला तर तो मेंदूचा भाग तर नाही ना, हे एमआरआयवर बघितल्याशिवाय कुणी हात लावू नये.

मग चेहऱ्याची नस. मधल्या कानातून जाणाऱ्या भागावरचं हाड धडधाकट माणसातही कधी कागदासारखं पातळ, कधी अजिबात नसतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी 'नस उघडी पडली' असं लिहून सर्जनला घाबरवू नका. करडा भाग नसेच्या वाटेला लागून आहे आणि मधली कड वेगळी दिसत नाही, एवढं लिहिलं की त्यांना जे हवं ते मिळतं. तोंड वाकडं झालं असेल तर मात्र नसेची पूर्ण वाट तपासा आणि नेमकी कुठं खाल्ली गेलीय ते सांगा.

एक जागा नवीन माणूस हमखास विसरतो, ती सायनस टिंपनी. मधल्या कानाच्या मागच्या भिंतीत, पिरॅमिडच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला असलेला कोनाडा. देवघरातल्या कोनाड्यासारखा, समोरून बघितलं तर आतलं दिसत नाही. मायक्रोस्कोपची नजर सरळ जाते, तिला हा कोपरा दिसत नाही आणि रोग मागे राहतो. कोनाडा किती खोल आहे आणि भरलाय का, हे आधी कळलं तर सर्जन एंडोस्कोप तयार ठेवतात.

शेवटी मॅस्टॉइड. इथं ड्रिलच्या वाटेनं चला. सिग्मॉइड सायनस पुढं आलाय का, त्यावरची हाडाची पत्री शाबूत आहे का, मेंदूचं आवरण खाली उतरलंय का, मधे कर्नरचा पडदा (मॅस्टॉइडमधली हाडाची आडभिंत) आहे का. हा पडदा जाड असला की ड्रिल करणाऱ्याला अँट्रमची (मॅस्टॉइडमधली मोठी खोली) भिंत आली असं वाटतं आणि खरा अँट्रम त्याच्याही आत राहतो. जुनाट रोगात मॅस्टॉइड घट्ट, हस्तिदंतासारखा होतो, जागा अरुंद होते. असल्या अरुंद कानात पुढं आलेला सायनस म्हणजे रिपोर्टच्या पहिल्या ओळीत जाण्याची गोष्ट.

ऑपरेशननंतर रोग उरलाय का, हे सीटीवर नीट ठरत नाही, कारण पुन्हा सगळं करडंच. तिथं एमआरआयचा डिफ्यूजन (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणारा प्रकार), आणि तोही नॉन-ईपीआय पद्धतीचा. साध्या ईपीआय (झटपट प्रतिमा घेणाऱ्या) डिफ्यूजनमध्ये हवा आणि हाड यांच्या सीमेवर प्रतिमा फाटते आणि नेमका कानच बिघडतो. नॉन-ईपीआयवर कोंडा पांढरा चमकतो, ३ मिमीएवढाही पकडता येतो. त्याहून लहान असेल, किंवा पिशवीतला कोंडा आधीच काढून टाकलेला असेल, तर मात्र काही दिसणार नाही. मळही चमकतो, पूही चमकतो. म्हणून एमआरआयच्या आधीही कान साफ. आणि एमआरआयच्या टी-१ प्रतिमेवरच पांढरं दिसलं तर तो बहुधा कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा (जुन्या रक्तस्रावातून धरलेली गाठ), ते प्रकरण वेगळं.

बाकीचे, जरा वेगानं

साठीच्या पुढचा, शुगर न आटोपलेला पेशंट, रात्रभर ठणकणारा कान: हा साधा कानदुखीचा रुग्ण समजू नका. कवटीच्या तळाच्या हाडात जंतू शिरलेले असू शकतात. सुरुवातीला सीटीवर हाड चांगलं दिसतं. चेहऱ्याच्या नसेच्या बाहेर पडायच्या भोकाखालची चरबी, जबड्याचा सांधा, क्लायव्हसची (कवटीच्या तळाचं मधलं हाड) मज्जा हे एमआरआयवर बघा. आणि न दुखता वाहणारा कान, पडद्याला एकाहून जास्त भोकं, थोड्याच दिवसांत वाकडं झालेलं तोंड असं चित्र असेल तर आपल्या देशात क्षयाचं नाव रिपोर्टमध्ये घ्यायला कचरू नका.

दुचाकीवरून पडलेले पेशंट रोजच येतात. फ्रॅक्चर उभं की आडवं यापेक्षा आतल्या कानाचं कवच फुटलंय की वाचलंय ते आधी सांगा. पुढचं बहिरेपण आणि चेहऱ्याच्या नसेची इजा यांचा अंदाज त्यावरून जास्त चांगला येतो. मग ऐरण-रिकिबीचा जोड, नसेचं गुडघ्याजवळचं वळण आणि कॅरोटिडची नळी. या हाडात नैसर्गिक शिवणी आणि बारीक नळ्या भरपूर आहेत, त्या फ्रॅक्चर म्हणून लिहिल्या जातात. दुसऱ्या कानात त्याच जागी तशीच रेघ असेल तर ती बहुधा शिवण.

ओटोस्क्लेरोसिसमध्ये (रिकीब जखडून टाकणारा हाडाचा आजार) पडदा छान असतो, ऐकू कमी येतं. ओव्हल विंडोच्या (रिकीब बसते ती आतल्या कानाची खिडकी) अगदी पुढच्या कडेला हाड थोडं काळपट झालंय का ते बघा. हा ठिपका प्रतिमेच्या विंडोची लेव्हल नीट नसेल तर निसटतो. शंखाभोवती काळी कड दिसली तर रोग आत गेलाय. रिकिबीचं ऑपरेशन ठरत असेल तर चेहऱ्याची नस ओव्हल विंडोवर लोंबते का आणि राउंड विंडो (शंखाची दुसरी खिडकी) मोकळी आहे का, हेही लिहा.

'मला माझ्या डोळ्यांची हालचाल कानात ऐकू येते' असं सांगणाऱ्या पेशंटला मानसिक म्हणून परत पाठवू नका. वरच्या कॅनॉलवरचं हाड नसलं की असं होतं. लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये हा आजार पहिल्यांदा वर्णन केला. त्यासाठी पॉशल प्लेन करा, म्हणजे कॅनॉल अंगठीसारखा पूर्ण गोल दिसतो आणि हाड कुठं नाही ते कळतं. पण जाड कटांवर पातळ हाडसुद्धा नसल्यासारखं दिसतं. लक्षणं नसतील तर निदान लादू नका.

पडद्यामागे लाल गोळा आणि कानात नाडीसारखा ठोका. इथं एकच नियम मी रेसिडेंटकडून पाठ करून घेते: आधी कॅरोटिड, मग जुग्युलर, मग गाठ. कॅरोटिड कधी कधी जन्मतःच वाट चुकून मधल्या कानातून जाते. प्रोमोन्टरीवरून (मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवरचा उंचवटा) जाणारी ती नळी गाठ समजून तुकडा घ्यायला गेलं तर टेबलावर आकांत होतो. दोन्ही रक्तवाहिन्यांवरची हाडाची पत्री शाबूत असेल आणि प्रोमोन्टरीवर छोटा गोळा असेल तर ग्लोमस टिंपॅनिकम, म्हणजे मधल्या कानातलीच रक्ताळ गाठ. जुग्युलरवरची पत्री कसर लागल्यासारखी खाल्लेली असेल तर गाठ खालून आलेली आहे, आणि ते ऑपरेशन फार मोठं आहे.

मूल ऐकत नाही म्हणून आलेला स्कॅन

कॉक्लियर इम्प्लांटच्या (शंखात इलेक्ट्रोड घालून बसवायचं ऐकण्याचं यंत्र) आधी सीटी आणि एमआरआय दोन्ही लागतात. मुंबईच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दिव्यांगांच्या संस्थेमार्फत चालणाऱ्या योजनेतून किंवा इतर सरकारी मदतीतून इम्प्लांट मिळायची सोय झाली, तेव्हापासून खेड्यातली मुलंही यासाठी येतात, आणि मला याचा मनापासून आनंद आहे.

शंखाचे वेढे मोजा, अडीच असतात. वरचे वेढे एकत्र मिसळलेले आणि जेमतेम दीडच वेढा दिसत असेल तर जुनं नाव मोंदिनी. व्हेस्टिब्युलर ॲक्विडक्ट (आतल्या कानातून मागे जाणारी हाडातली बारीक नळी) मधोमध मोजा. शेजारच्या मागच्या कॅनॉलपेक्षा ती रुंद दिसली, १.५ मिमीच्या वर गेली, तर नक्की लिहा आणि आईवडिलांना समजावून सांगायला लावा: अशा मुलाचं उरलेलं ऐकणं डोक्याला लागलेल्या साध्या टपल्यानंही जाऊ शकतं. कबड्डी-कुस्तीबद्दल ईएनटीशी बोलून ठरवा.

एमआरआयवर आतल्या कानाच्या नळीचा तिरका छेद घ्या. चार ठिपके दिसले पाहिजेत. पुढं वर चेहऱ्याची नस, पुढं खाली ऐकण्याची, मागे तोलाच्या दोन. ऐकण्याची नस दिसत नसेल तर लाखोंचं यंत्र बसवूनही मूल ऐकेलच असं सांगता येत नाही. हे लिहिताना जड जातं, तरी लिहावंच लागतं.

आणि मेंदूज्वर होऊन गेलेलं मूल. दोन वर्षांचा एक मुलगा आला होता. दीड महिन्यापूर्वी मेनिंजायटिस होऊन बरा झाला होता. आई म्हणाली, "आता कुकरच्या शिट्टीलाबी वळंना, मॅडम." सीटी स्वच्छ. शंखात कुठंही हाड धरलेलं नव्हतं. सीटीवर थांबले असते तर 'नॉर्मल, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा' असा कागद त्यांच्या हातात पडला असता. एमआरआयवर टी-२ च्या पातळ कटांवर शंखातलं पाणी दुधासारखं पांढरं दिसायला हवं. त्याच्या खालच्या वेढ्यात, राउंड विंडोच्या जवळ, ते पांढरेपण दोन्हीकडे विरत चाललं होतं. तिथं आधी तंतू धरतात, मग हाड. एकदा हाड भरलं की इलेक्ट्रोड आत सरकवायला वाट उरत नाही. हा स्कॅन मी रिपोर्ट टाइप होईपर्यंतही ठेवत नाही. मुलगा अजून टेबलावर झोपलेला होता, तेव्हाच मी कन्सोलवरून ईएनटीला फोन लावला आणि आईला सांगितलं, "आज घरी जायचं नाही. आधी डॉक्टरांना भेटूनच जायचं."